घराचे जोते आणि पागोळ्यांचे पाणी

कुणकेश्वराच्या किनारपट्टीस चौमाशात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या एका छपरावरून पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी उतरते, आणि वाट करून दिली नाही तर ते जोत्याच्या पायाशीच मुरते, याचा विचार घर बांधताना किती जण करतात?

वाडवडिलांनी तो केला होता. उंच जोते आणि भिंतीपासून चांगली पुढे आलेली वळचण, एवढ्यावर मातीच्या भिंती टिकल्या. आता आंब्याच्या पैशावर सिमेंटची घरे झाली. सपाट स्लॅब आला, वळचण गेली, जोते अंगणाच्या पातळीस येऊन टेकले. सिमेंट पक्के, मग पाण्याचे भय कसले, ही समजूत खोटी आहे. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो आणि काँक्रीटही ओल शोषते. जोत्यातील भराव भिजला की बसतो. मग वरची लादी पोकळ वाजू लागते.

ही चूक आम्हीही केली आहे. खळ्यास सिमेंट केले, पण उतार कोणीकडे गेला हे ना गवंड्याने पाहिले, ना आम्ही. पहिल्याच आषाढात माजघराच्या भिंतीस ओल चढली. दोन वर्षे आतून लेप व रंग देण्यात पैसा घालविला. शेवटी खळे फोडून उतार बाहेर काढला, तेव्हा भिंत वाळली.

वस्तुतः हापूसच्या कलमाशी पाणी तुंबू नये म्हणून वरच्या अंगास चर काढणाऱ्यास हे शिकवावे लागू नये. सड्याचा उतार कापून घर बांधले असेल, तर मागल्या अंगास जोत्यापासून दूर, घरातील जमिनीहून खोल चर हवाच. भोवतालची माती पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतरती असावी. स्लॅबची नळी भिंतीपाशी सोडू नये. चर मृगापूर्वी उपसावा. पाल्याने तुंबलेला चर पाणी वाहून नेण्याऐवजी साठवितो.

हे पाणी शेजाऱ्याच्या कुंपणात सोडणे हा मात्र उपाय नव्हे. शौचालयाच्या शोषखड्ड्यावरूनही ते नेऊ नये. जांभ्याच्या भेगांतून ती घाण विहिरीस मिळते. व्हाळापर्यंत वाट काढावी. आणि ज्यांस तुळशीच्या लग्नानंतर पाया खणावयाचा आहे, त्यांनी त्याआधीच्या भर पावसात जागेवर उभे राहून पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावे, आणि तेथे खुंट्या मारून ठेवाव्यात.