गाडी आमची, हप्ता आमचा. मग पाना कोणाचा?



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे आहेच. पण भावाची गोष्ट बाजारात पोचल्यावर सुरू होते. माल पोचवणारी पिकअप गाडी वाटेतच बंद पडली तर कसला भाव आणि कसले काय! म्हणून या वेळचा आमचा मजकूर पिकअपच्या डिझेल पंपावर आणि नोझलवर आहे. संघटनेच्या पत्रकात गॅरेजचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पिकवायचे आम्ही आणि घालायचे सरकार सांगेल त्या केंद्रावर. सरहद्दीपलीकडे जास्त भाव दिसत असला तरी कापूस तिकडे नेणे गुन्हा होता. कापसाच्या भावासाठी डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला, तेव्हाच्या आपल्याच परभणी जिल्ह्यात, शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. पुढे एकाधिकार मोडला. आज मानवतला भाव पटला नाही तर सेलूला जाता येते, सेलूला पटला नाही तर माल परत घरी आणता येतो. हे स्वातंत्र्य कागदावर आले लढ्यातून, पण रस्त्यावर आले ते पिकअपच्या चार चाकांवर. बैलगाडीवाल्याला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागे, कारण बैल थकलेले असत आणि रात्र झालेली असे. पिकअपवाला मान हलवून पुढे निघू शकतो. म्हणून ही गाडी आम्ही चैनीची वस्तू मानत नाही. तिफण-वखरासारखेच ते शेतीचे अवजार आहे.

आता आमच्यातल्याच एका घरची गोष्ट. बारा-पंधरा क्विंटल कापूस भरून गाडी पहाटे निघाली आणि जिंतूर रस्त्यावर बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत भरला, भाडे दोनदा गेले. गाडी ओढत वर्कशॉपात नेली. तिथे संगणक जोडला, तासाभराने निरोप आला की चारही इंजेक्टर बदला. बिल झाले दहा-बारा क्विंटल कापसाच्या पैशांचे. म्हणजे गाडीत जेवढा माल होता, तेवढा जवळपास गाडीनेच खाल्ला. रोग काय होता? डिझेलात पाणी. फिल्टरच्या बुडाशी साचलेले पाणी दर आठवड्याला सोडून द्यायचे, एवढे साधे काम कोणी त्याला सांगितलेच नव्हते. विकताना हार घातला, पेढा दिला, हप्त्याची तारीख तीनदा सांगितली. पाण्याचा स्क्रू कुठे आहे, तेवढे राहून गेले!

पंप आणि नोझलचे काम काय, ते आधी समजून घेऊ. टाकीतून डिझेल निघते, फीड पंप ते ओढतो, फिल्टरातून गाळून मोठ्या पंपाकडे जाते. मोठा पंप त्याला दाब देतो आणि नोझल त्याची वाफेसारखी बारीक फवारणी करतो. फवारणी जितकी बारीक तितके डिझेल पुरते जळते. औषध फवारताना पंपाचा नोझल खराब झाला की धार पडते आणि औषध वाया जाते, तसेच इथे. टायरात आपण पन्नास-साठ पौंड हवा भरतो. जुन्या पद्धतीच्या नोझलचा दाब तीन हजार पौंडांच्या आसपास असतो. नव्या कॉमन रेल गाडीचा दाब वीस हजार पौंडांच्या पुढे जातो. या दाबाला टिकण्यासाठी पंपाच्या आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की मधली फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्या फटीत मातीचा कण गेला की घास पडतो. शिवाय रोटरी पंपाला आणि बहुतेक कॉमन रेल पंपांना वेगळे ऑइल नसते. डिझेल हेच त्यांचे वंगण. डिझेलात पाणी किंवा रॉकेल आले म्हणजे वंगणच गेले.

इथे गल्लीतला वैदू पुढे येतो. गाडी चढाला ओढत नाही म्हटले की तो म्हणतो, "दादा, पंपाचा स्क्रू वाढवून देतो, गाडी पळायला लागेल." गाडी पळते, खोटे नाही. पण मागून काळा धूर सुटतो. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे तुमचे पैसे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, असे झाले की इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि शेवटी पिस्टन जळतो. नव्या गाडीला तोच वैदू लॅपटॉप लावतो आणि "मॅपिंग वाढवतो." औषध तेच, बाटली नवी. काही जण तर कॉमन रेल काढून जुना पंप बसवून देतो म्हणतात. ज्या इंजिनाची घडण एका पद्धतीसाठी झाली, त्याला दुसरी पद्धत चिकटवायची आणि पीयूसीच्या वेळी, गाडी विकताना, विम्याच्या दाव्यात त्याचे पाप मालकाने भोगायचे. सुधारणेच्या नावाखाली हा धंदा चालतो. युरियाची एक गोणी जास्त टाकली म्हणून पीक दुप्पट येत नाही, हे ज्वारीवाल्याला कळते. मग डिझेलच्या बाबतीत का कळू नये?

आम्ही सुधारणेच्या विरोधात नाही. पण सुधारणा टाकीपासून सुरू होते, स्क्रूपासून नाही. पहिले काम, टाकी उतरवून धुवा. जुन्या गाडीच्या टाकीत गंज आणि गाळ निघाला नाही तर आम्हाला सांगा. दुसरे, टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप बघा. भेगाळलेला पाइप बाहेर डिझेल गाळत नाही, आत हवा ओढतो, आणि सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून आपण बॅटरीला शिव्या देतो. डिझेलसाठीच बनवलेले पाइप आणि चांगले क्लिप लावा. तिसरे, टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये पाणी वेगळे करणारा आणखी एक फिल्टर बसवा, खाली पारदर्शक वाटी असलेला. त्यात पाणी डोळ्यांना दिसते. तो आपल्या पंपाला चालेल अशाच मापाचा घ्या, नाहीतर डिझेल ओढताना पंपाची दमछाक होते. चौथे, मुख्य फिल्टर वेळेवर बदला आणि स्वस्तातला नकली घेऊ नका. ही चार कामे झाल्यावरच पंप-नोझलला हात लावा. नोझल टेस्टरवर आणि पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर तपासा, आणि माप कंपनीने दिले आहे तेवढेच ठेवा. फीड पंप "जोरदार" हवा म्हणून जास्त दाबाचा बसवला, तर रोटरी पंपाचे सील फुटते.

आणखी एक सांगणे जिवाचे आहे. जुन्या गाडीत नोझलचा नट ढिला करून, स्टार्टर मारून हवा काढायची आपल्याला सवय आहे. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडू लागतो. असे झालेच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

एवढे सगळे घरी केले, तरी टाकीत पडणारे डिझेलच घाण असेल तर? परभणीला तेल येते ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून. २०१८ मध्ये पेट्रोलच्या चढ्या दरासाठी आपल्या जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कारण विचारले तर उत्तर मिळाले, डेपो लांब आहे. म्हणजे लांबचे भाडेही आम्हीच मोजायचे आणि वाटेतली भेसळही आम्हीच सोसायची. ही भेसळ किती मुरलेली होती, ते २५ जानेवारी २०११ ला साऱ्या देशाने पाहिले. त्याच मनमाडच्या परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भर दिवसा जिवंत जाळले. रेशनचे रॉकेल एका भावाचे आणि डिझेल दुसऱ्या भावाचे, हा खेळ सरकारने मांडला होता. दोन भाव असले की मध्ये चोर उभा राहतो, हे आम्ही साखरेच्या लेव्हीपासून सांगत आलो. पुढे रॉकेलवरची सबसिडी टप्प्याटप्प्याने संपली. पण भेसळ करणाऱ्याला रॉकेलच लागते असे कोणी सांगितले?

तेव्हा पंपावर गेल्यावर गप्प बसू नका. पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरले तर तक्रार करा. डिझेलची घनता मागा. घनता मोजण्याची काचनळी, तापमापक आणि नोंदवही पंपावर ठेवावीच लागते. टँकरच्या चलनावरची घनता आणि पंपावर मोजलेली घनता यांत, दोन्ही १५ अंश तापमानाला आणून, घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर माल संशयाचा. आणि बिल घ्या. बिल नसेल तर पुढे इंजेक्टर गेल्यावर तोंड कोणासमोर उघडणार?

आता मुख्य भांडण. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. डिझेलातले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. हे चांगलेच झाले. धूर आमच्याच लेकरांच्या छातीत जातो, आम्ही त्याची वकिली करणार नाही. पण या नियमांबरोबर गाडीच्या बॉनेटला जे कुलूप लागले ते कोणत्या नियमात आहे? विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा नोझल बांधावर बसून उघडणारी पिढी आपल्या घरात अजून आहे. आज इंजेक्टर विकत आणला तर कित्येक गाड्यांत त्याच्या डोक्यावरचे आकडे गाडीच्या संगणकात भरावे लागतात. इंजेक्टर आम्ही रोख पैसे देऊन घ्यायचा, आकडे त्याच्याच डोक्यावर छापलेले, आणि ते भरायचे यंत्र मात्र मोजक्याच लोकांच्या हातात! आपल्या तालुक्यातला हुशार मिस्त्री पाना घेऊन नुसता बघत उभा. नाशिकला सातपूरच्या पूर्वीच्या मायको, आताच्या बॉश कारखान्यात मराठी कामगार नोझल आणि इंजेक्टर बनवतात. बनवण्याइतकी अक्कल महाराष्ट्रात आहे, आणि दुरुस्त करण्याइतकी परभणीत नाही?

हे आमचेच रडगाणे आहे असे समजू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड सुनावला. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही तिच्या कक्षेत धरल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला त्याच्या यंत्राच्या दुरुस्तीची माहिती, भाग आणि साधने देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो कायदा लागू झाला. हजार एकरवाल्याला जे लागते ते आमच्या चार एकरवाल्याला लागत नाही काय?

आम्ही तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागत आलो. नवे बियाणे मागितले, नवी यंत्रे मागितली, आणि त्यासाठी शहाण्यासुरत्यांच्या शिव्याही खाल्ल्या. पण तंत्रज्ञान विकत घेण्याचे स्वातंत्र्य म्हणजे अर्धेच स्वातंत्र्य. ते उघडून पाहण्याचे, समजून घेण्याचे आणि आपल्या गावच्या मिस्त्रीकडून नीट करून घेण्याचे स्वातंत्र्य मिळाले तर ते पुरे. नाहीतर कापूस एकाधिकार गेला आणि दुरुस्तीचा एकाधिकार आला, एवढाच फरक.

म्हणून या बैठकीसमोर आम्ही चार ठराव ठेवत आहोत.

एक, पिकअप आणि ट्रॅक्टरच्या तपासणीची यंत्रे, माहिती आणि सुटे भाग कोणत्याही गॅरेजला वाजवी दरात मिळालेच पाहिजेत, असा कायदा केंद्राने करावा.

दोन, आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड शिकवला जातो. त्याला कॉमन रेलची टेस्ट बेंच आणि स्कॅनर मिळावा. आपल्या तालुक्याच्या आयटीआयत काय आहे आणि काय नाही, ते बैठकीला येण्याआधी स्वतः जाऊन पाहून या.

तीन, प्रत्येक शाखेने महिन्यातून एकदा जवळच्या पंपावर जाऊन माप आणि घनता मागावी, आकडे वहीत लिहावेत आणि बैठकीत वाचून दाखवावेत.

चार, शाखेतल्या पिकअपवाल्यांनी फिल्टर एकत्र, ठोक भावाने घ्यावेत, आणि पंपाचा स्क्रू वाढवणाऱ्याला गावात थारा देऊ नये.

बैठकीला येताना गाडीच्या फिल्टरमधले पाणी सोडून या. वाटीत किती निघाले ते आम्हाला सांगा. तिथूनच बोलायला सुरुवात करू.