पाडव्याची आणखी एक वही

आज दिवाळीचा पाडवा. पेढीवर जुनी वही मिटून नवी उघडेल, पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटेल, आणि बळीचे राज्य येवो म्हणत आपल्या घरी निरांजने ओवाळली जातील. याच दिवसांत विहिरी काठोकाठ असतात, ओढा अजून झुळझुळत असतो, आणि पाण्याचा हिशेब मांडणे कुणाला कद्रूपणाचेच वाटावे. त्याची आठवण होते ती चैत्रात, मोटार हवा ओढू लागली की. तोवर वाटून घ्यायला उरते ते फक्त भांडण.

भरल्या विहिरीच्या काठी वाटणी करण्याचे शहाणपण आपल्याला परके नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक, हे नदीचे पाणी पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे. दार उघडणार पाटकरी. ज्याचे शेत भिजायचे त्याच्या हाती ते नाही. जमीन फडाफडांत विखुरलेली, त्यामुळे टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ एकट्याला लागत नसे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती याहून पुढे गेली. पाणी माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनालाही त्यात वाटा. आणि उसाला मुळीच नाही. (आजही उसाचा विषय निघाला की भरली सभा गप्प होते, हे आपण पाहतोच.) हिवरेबाजारात पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे आणि गुरांचे आधी बाजूला काढून मगच रब्बीची गोष्ट.

२००५च्या कायद्याने कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची सोय केली. पण रात्री दीड वाजता बॅटरी आणि फावडे घेऊन चारीच्या शेवटाला बसलेला शेतकरी कान लावून ऐकत असतो, ती वरच्याने दार मोडल्याची चाहूल. त्याच्या आवर्तनाची राखण कायद्याला नव्हे, आपल्यालाच करावी लागेल.

तेव्हा वहीपूजन आटोपले की आज विहिरीकडेही जाऊ या. दोरीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वर ओढून ओली दोरी हातांनी मोजायची, आणि तो आकडा ग्रामसभेच्या कोऱ्या वहीत, कुंकवाच्या बोटाखाली लिहायचा.