उधारीचा वारा

मे महिना लागला की आमच्या घरी सायकलवरून वाद सुरू होतो. सायकल माझी, कुलूप माझे, पण किल्ली सौभाग्यवतींच्या कपाटात जाऊन बसते. ‘‘सहासष्ट पूर्ण झाली, आता तरी पुरे करा. फिरायला जा, योगासने करा, पण या उन्हात सायकल दामटायची म्हणजे काय?’’ तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. का, ते पुढे सांगतोच. पण आधी त्या आनंदाविषयी दोन शब्द बोलू द्या, कारण उन्हाळ्यात वेगाने सायकल चालवण्यात आनंद असतो असे म्हटले की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग सौभाग्यवतींकडे सहानुभूतीने पाहतो.

माझे लहानपण वर्ध्याचे. १९७० नंतरची दोन-चार वर्षे. मे महिन्यात दुपारी घरोघरी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मोठी माणसे आडवी झाली, की आम्ही चार पोरे चपला हातात घेऊन मागच्या दाराने पसार व्हायचो. चौकातल्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकली घ्यायच्या आणि पवनारपर्यंत शर्यत लावायची. अंतर आठ-नऊ किलोमीटरचे, पण अट अशी की मधे कुठेही पाय टेकायचा नाही. शेवटी धाम नदीचा डोह आणि पलीकडे विनोबांचा आश्रम. जो पहिला पोहोचेल त्याची उडी पहिली.

त्या शर्यतीतला पहिला मैल नकोसा असे. सीट तापलेली, हँडलच्या मुठी चटका देणाऱ्या, नाकात गरम धूळ. मग सदरा घामाने भिजायचा, सायकल वेग घ्यायची आणि एका क्षणी चमत्कार व्हावा तसे अंग गार पडायचे. वारा तोच, भट्टीतून आल्यासारखा, पण ओल्या सदऱ्यातून शिरताना तो माठाजवळच्या हवेसारखा लागायचा. घरात निपचित पडलेल्या माणसांपेक्षा आपण सुखात आहोत अशी खात्री पटायची. पंखा नाही, कूलर नाही. आपल्याच पायांनी काढलेला वारा! एवढ्या स्वस्तात एवढे वैभव मला पुढच्या आयुष्यात फारसे मिळाले नाही.

हा वारा नेमका काय असतो, हे मला कळले ते बँकेत लागल्यावर. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. तिथे आमचे एक पिग्मी एजंट होते. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने काटक. पूर्वी कुठे शिकवण्या घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. रोज सकाळी निघायचे, पानठेला, किराणा, शिंप्याचे दुकान, भाजीबाजार असे करत दोन-दोन, पाच-पाच रुपये गोळा करायचे आणि दुपारी दोनच्या आत काउंटरवर भरणा करायचे. सायकल काळी, दांडीची. डोक्याला ओला पांढरा दुपट्टा. खिशात पावतीपुस्तकाशेजारी एक कांदा.

एकदा नवतप्याच्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर वसुलीला निघालो. मी तरणाबांड, माझी सायकल नवी. मी पुढे सुसाट गेलो आणि एका चौकात ऐन उन्हात थांबून त्यांची वाट पाहू लागलो. थांबलो मात्र, आणि अंगातून घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मास्तर संथपणे आले, त्यांनी मला कडुलिंबाखाली नेले, लोट्याने पाणी दिले आणि म्हणाले, ‘‘सायब, सायकलवरचा वारा उधारीचा असते जी. थांबलं का तो व्याज मागते.’’

मी बँकेचा माणूस, पण उधारीची इतकी चोख व्याख्या मी कुठल्याही परिपत्रकात वाचली नाही.

मास्तरांच्या वाक्यामागचे शास्त्र मी निवृत्तीनंतर सवडीने वाचले. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते आणि ती बाहेर टाकावी लागते. वेग वाढवला तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरवरून तीसवर गेलात, तर वेग दुप्पट होतो, पण हवा कापण्याचा भार आठपट! तेवढ्या प्रमाणात अंगातली भट्टीही पेटते.

ही भट्टी विझवायचे काम घामाचे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासभर दमदार सायकल चालवली की एवढ्या घामाची गरज सहज पडते. पण मेख अशी की घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. मुंबईकडच्या दमट हवेत तो सुकत नाही, नुसता निथळतो. आमच्या विदर्भात तो इतका झटपट सुकतो की किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. कपाळ कोरडे म्हणून माणूस खुशीत असतो आणि आतली शिल्लक संपत आलेली असते. शिवाय त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंशांच्या आसपास. हवा पंचेचाळीसवर गेली की वारा उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. मग सगळी भिस्त घामावर. त्यात सायकल थांबली तर घाम सुकवणारा वाराही गेला. आतली भट्टी मात्र लगेच विझत नाही. हेच मास्तरांचे व्याज.

हे सगळे वाचून-समजूनही मी दोन वर्षांपूर्वी तीच चूक केली, हे इथे कबूल केले पाहिजे. नागपूरबाहेर अमरावती रस्त्याला मी सकाळी उशिरा निघालो. परतताना अकरा वाजले. तब्येत उत्तम आहे असे वाटत होते. पाठीमागून वारा होता, तरुणपणी यायचा तसा वेग आला होता. तहानही नव्हती. एका फाट्यावर ट्रक आडवा आला म्हणून थांबलो. क्षणात अंगावर शहारे आले. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मला हुडहुडी भरली! रस्त्याकडेला टरबुजे विकणारी एक बाई बसली होती. तिने विचारले, ‘‘बाबूजी, घरचा फोन सांगा.’’ मला मुलाचा नंबर आठवेना. आयुष्यभर खातेदारांचे खाते क्रमांक तोंडपाठ असलेला मी, शब्दांवर पोट नसले तरी मन भरलेला मी, स्वतःच्या घराचा पत्ता शोधत बसलो होतो. त्या बाईने मला ताडपत्रीच्या सावलीत आडवे केले आणि टरबुजांवर शिंपडायच्या बादलीतले पाणी माझ्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतले. अर्ध्या तासाने नंबर आठवला. उशीर झाला असता तर हा लेख लिहायला मी राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही. सायकलची किल्ली कपाटात का जाते, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

सायकलच्या इतिहासात या उधारीचा एक दुःखद दाखला आहे. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराचा चढ चढताना टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. वय अवघे एकोणतीस. ऊन रणरणते होते, आणि त्याच्या शरीरात उत्तेजक औषध व मद्य यांचे अंश सापडले. शरीर थांबण्याची सूचना देत असते; औषधाने ती सूचना ऐकू येईनाशी होते. त्या काळी शर्यतीत कमी पाणी पिणे हा चिवटपणा समजला जाई, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याउलट दाखला आपल्याकडचा. कॅलिफोर्नियातून निघून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. सुरुवातीलाच वाळवंट. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने पूर्ण केली आणि २०१७मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. त्यांची जिद्द तर मोठीच. पण या शर्यतीत सायकलपटूच्या मागे गाडी असते, पाणी देणारी, खायला घालणारी, त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणारी माणसे असतात. त्याची उधारी रोजच्या रोज चुकती केली जाते.

आमच्या मास्तरांमागे कोण होते? माणूस कुणी नव्हते. पण रस्त्यावर झाडे होती. कडुलिंब, चिंच, वड. दर कोसावर सावली होती आणि उन्हाळ्यात झाडाखाली रांजण मांडून कुणीतरी पाणपोई चालवत असे. म्हणून मास्तर तीस उन्हाळे सायकल चालवू शकले. आज रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, कुठे कुठे सायकलींसाठी रंगवलेला पट्टाही आला. पण सावली गेली. २०२०मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडे रुंदीकरणासाठी तुटू लागली तेव्हा वर्धेकर विरोधाला उभे राहिले, याचे मला अप्रूप वाटते. काहींना तो भावनेचा प्रश्न वाटला असेल. माझ्या मते तो हिशेबाचा प्रश्न होता. आपल्या हवामानात सायकलस्वाराची पहिली सोय म्हणजे सावली, दुसरी म्हणजे पाणी. रंगवलेला पट्टा त्यानंतर.

आणि हा प्रश्न माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्याचा तर मुळीच नाही. मी बारा वाजता घरी बसू शकतो. शाळेतून परतणारी मुलगी, कामावर जाणारा गवंडी, दुपारी दोनला आपल्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा मुलगा, यांना वेळ निवडता येत नाही. उशीर झाला म्हणून आपण त्या मुलाला बोलतो, तेव्हा त्याने वेग कुठून उसना आणला हे पाहत नाही. त्याला निदान पेलाभर पाणी विचारावे आणि दोन मिनिटे जिन्यात टेकू द्यावे. हे करायला कुठल्या योजनेची गरज नाही.

सायकल सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. मुलांना तर नाहीच. पण मास्तरांचे नियम पाळा. उन्हाळा लागताच पहिले दहा-बारा दिवस वेग धरू नका, शरीराला उन्हाची ओळख होऊ द्या. तहानेची वाट न पाहता पाणी प्या, त्यात चिमूटभर मीठ-साखर असू द्या. थांबायचे तर सावलीत. शेवटचा किलोमीटर हळू. आणि कुणी बरळू लागला, त्याचे अंग तापले असेल, तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि लगोलग दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांद्याबद्दल मात्र शास्त्र काय म्हणते ते मी मास्तरांना कधी सांगितले नाही, तुम्हालाही सांगत नाही.

यंदा तडजोड झाली आहे. किल्ली पहाटे साडेपाचला मिळते आणि सातच्या ठोक्याला परत द्यावी लागते. बरोबर चौदा वर्षांची नात असते. मधल्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघेही सायकल दामटतो. तो पवनारचा वारा अजून तसाच लागतो. वयाने त्यात काही उणे झालेले नाही. मग कॉलनीच्या अलीकडे कडुलिंबांची एक रांग शिल्लक आहे, तिथे मी वेग सोडतो. नात पुढे जाऊन वळते आणि विचारते, ‘‘आजोबा, दमलात?’’

‘‘नाही गं,’’ मी म्हणतो, ‘‘हप्ता भरतोय.’’