चावी, इसार आणि बहिणींच्या सह्या

आमच्या मोहल्ल्यातल्या एजंटकडे चाव्यांचा भला मोठा जुडगा असतो. हवी ती चावी तेवढी घरी राहते. परवा शेजारच्या खालाजानना त्याने चार मजले चढवले आणि दाराशी कळलं, चावी दुसऱ्याच इमारतीची! असलं आपण हसून सोडतो.

पण त्याच घरासाठी ‘आजच दोन लाख इसार द्या’ म्हणाला, तेव्हा मी खालाजानना थांबवलं. बांगड्या मोडून आणलेले पैसे ते. घर मरहूम वडिलांच्या नावावर, विकणारे दोघे भाऊ. आणि बहिणी? ‘त्या सासरी आहेत, त्यांचं काय?’

त्यांचंच तर आहे! शरीयतनुसार मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो, लग्न झालं तरी. मरहूमची बायको किंवा आई हयात असेल तर तिचाही वाटा असतो. भाऊ फक्त आपापला हिस्सा विकू शकतात. बहिणी उद्या कोर्टात गेल्या तर अडकणार घेणारा. म्हणून इसाराआधी सर्व वारसांची नावं लेखी मागा, खरेदीखतावर प्रत्येकीची सही घ्या. इसार चेकनेच, पावती घेऊन.

खालाजाननी बहिणींचा फोन नंबर मागितलाय. एजंट म्हणतो, ‘शोधतो.’