आधी चोच बघा
थंडी पडली की चेंबूरच्या जुन्या वसाहतींतल्या झाडांवर ‘टिर्रर्र’ करत, शेपटी उडवत एक चिमुकला पाहुणा येतो: लाल छातीचा माशीमार. तैगा माशीमार हा त्याचा सख्खा भाऊ. पूर्वी दोघांना एकाच जातीत मोजत. पहिला पूर्व युरोपाकडचा, दुसरा सैबेरियाचा. पहिल्याच्या प्रौढ नराचा केशरी रंग छातीपर्यंत उतरतो, हिवाळ्यातही टिकतो. दुसऱ्याचा गळ्यापुरताच, तोही विणीनंतर जातो. घोळ होतो तो माद्या आणि पिल्लांत. तिथे चोचीचा खालचा भाग पाहावा: फिकट असेल तर पहिला, काळा असेल तर बहुधा तैगा. शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीहूनही काळीभोर असली, की शंका फिटली. मुंबईत नेहमीचा पहिलाच. दुसऱ्याची नोंद करायची तर स्पष्ट फोटो हवाच.