रूटचा पासवर्ड कुणाच्या खिशात?

१३ एप्रिलच्या रात्री आमच्या अभ्यासवर्गाचे संकेतस्थळ उघडले, तर बाबासाहेबांच्या फोटोच्या जागी ऑनलाइन जुगाराची जाहिरात! जयंतीच्या पहाटेपर्यंत आम्ही फोन लावत बसलो. ज्याने सर्व्हर उभा केला तो कार्यकर्ता नोकरीसाठी परदेशी गेलेला, नंबर बदललेला. रूटचा पासवर्ड त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हता. म्हणजे आम्हाला ठाऊक नव्हता, घुसणाऱ्याला होता.

गावोगाव फिरून जमवलेल्या जलशांची ध्वनिमुद्रणे त्या सर्व्हरवर होती. त्यातल्या एक गायिका आजी आता हयात नाहीत. फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइली आम्हीच पुसल्या होत्या. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर. घर जळाले आणि घराची दुसरी किल्ली घरातच होती, तसे झाले.

दुसऱ्या दिवशी आपल्याच लोकांच्या पोस्ट सुरू झाल्या: 'मनुवाद्यांनी आंबेडकरी संकेतस्थळ फोडले.' लाइक भरपूर मिळाले. पण आमच्याकडे तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलणे ही आपली परंपरा नाही. पुरावा निघाला तो आमच्याच विरुद्ध. दोन दिवसांनी तो कार्यकर्ता सापडला, तेव्हा पासवर्ड कळला: 'जयभीम' आणि पुढे १९५६! सर्व्हरच्या लॉगमध्ये रूटच्या नावाने लॉगिन करू पाहणाऱ्या हजारो नोंदी होत्या. इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर रात्रंदिवस असे प्रयत्न चालतात. आपोआप चालणारे प्रोग्राम दार ठोठावत फिरत असतात. त्यांना आपली जात ठाऊक नसते, आपला आळस ठाऊक असतो. लॉग रोज लिहिला जात होता, वाचणारा कुणी नव्हता.

'आपल्या पोरांनी संविधान वाचावे की कमांड पाठ कराव्यात?' असा प्रश्न आम्हाला एका ज्येष्ठांनी विचारला. दादांचा मान राखून आमचे उत्तर: दोन्ही. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावे लागले. कागदावरचा हक्क ओंजळीत घेतल्याशिवाय हक्क होत नाही. लिनक्स १९९१ पासून आहे. त्याचा परवानाच सांगतो की कुणीही वापरा, आतले वाचा, बदला, वाटा. या तळ्याच्या काठावर काठ्या घेऊन कुणी उभे नाही. इंग्रजीची आणि फीची भिंत आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण जुना संगणकही शिकायला पुरतो. मग आपण काठावर का उभे?

दुसरा आक्षेप: 'फेसबुक, व्हॉट्सॲप आहे, सर्व्हर कशाला?' पेज एका तक्रारीवर बंद होते आणि दाद मागायला माणूस सापडत नाही, हे चळवळीतल्या किती जणांनी भोगले आहे! बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात जागा मागून भागणार नव्हते म्हणूनच.

आता आतली गोष्ट. रूट म्हणजे युनिक्स पद्धतीच्या यंत्रावरचा सर्वाधिकारी. तो कोणतीही फाइल वाचतो, पुसतो, कुणालाही हाकलतो. एवढी सत्ता आपण एका पोराच्या खिशात ठेवतो आणि म्हणतो, 'तो आपलाच आहे.' २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो यंत्रालाही लागू आहे. माणूस चांगला असणे ही व्यवस्था नव्हे.

जगालाही हा धडा मिळाला. असंख्य लिनक्स यंत्रांवर असलेले 'एक्सझेड' हे छोटे सॉफ्टवेअर मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. 'जिआ टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास कमावला आणि चोरदार बसवले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही, म्हणून जग वाचले. एकट्यावर भार टाकला की दार उघडते. कुणी नीट पाहत असेल तर ते पुन्हा बंद करता येते.

भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन आणि सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत बाहेरून घुसून फाइली पेरल्या गेल्याचे अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग संस्थेने २०२१ च्या अहवालांत म्हटले. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. ते सर्व्हर नव्हते, पण प्रश्न तोच आहे: आपल्या यंत्राच्या आत काय चालले आहे हे ओळखणारा आपला माणूस कोण?

आम्ही आता काय केले? रूटचे थेट लॉगिन बंद. तिघांची वेगवेगळी खाती. मोठे काम 'सुडो'ने, म्हणजे कुणी काय केले याची नोंद राहते. पासवर्डऐवजी एसएसएच की. दर रविवारी अपडेट आणि लॉगवाचन. सगळ्या फाइलींना दिलेली ७७७ परवानगी काढली. समता माणसांसाठी आहे, फाइल कुणालाही लिहू देणे म्हणजे समता नव्हे. बॅकअपच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, आणि दर महिन्याला त्यातून फाइली परत आणून पाहणे. त्या तिघांत दोन मुली आहेत. एक वाणिज्य शाखेची, कमांड लिहिताना तिचा हात आता थरथरत नाही.

आजींचा आवाज परत येणार नाही. त्याचे खापर आम्ही कुणाच्या माथी फोडत नाही, ते आमचे आहे. तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: रूट कुणाकडे आहे, आणि तो माणूस उद्या नसेल तर? उत्तर ऐकून सभागृह शांत झाले, तर त्याच बैठकीत तिघांची नावे लिहून घ्या.

जय भीम!