घरातला लुडो, पैशांचा लुडो

पालकसभेत हल्ली अभ्यासाच्या जोडीने एक प्रश्न हमखास येतो. प्रगतिपुस्तकावर सही करता करता एखादी अम्मी विचारते, "टॅबवर लुडो खेळू द्यावा का? त्यात मारामारी नाही, घाणेरडं काही नाही, घरातले सगळे मिळून खेळतात." बंदुकीचे खेळ पालकांना आता ओळखू येतात. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, तेव्हापासून त्या नावाचीच धास्ती बसली आहे. पण साध्या, घरगुती दिसणाऱ्या खेळाकडे कोणी निरखून पाहत नाही. म्हणून या महिन्यात त्याविषयी लिहावेसे वाटले.

लुडो हा आपल्याच पच्चीसीचा धाकटा भाऊ. १८९६ मध्ये इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्या गेल्या, फासा आला आणि पुठ्ठ्याच्या पटावर बसून तो पुन्हा आपल्या घरी आला. पडद्यावरचा सर्वांत गाजलेला लुडो तर आपल्या महाराष्ट्रातला. विकास जयस्वाल यांच्या नवी मुंबईतील गेमशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' बाजारात आणला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. त्या रमजानमध्ये कराड, मलकापूर कडकडीत बंद होते, तरावीह घरातच होत होती. इफ्तारनंतर एका कोडवर चौघे जमायचे: एक बहीण इचलकरंजीतून, एक भाऊ रियाधहून, एक खाला पुण्यातून आणि दादी इथे मलकापुरात. दादीला फोन चालवता येत नसे. तिच्या सोंगट्या नातू हलवायचा, आणि तिची जिंकत आलेली सोंगटी नेमकी चुलत्याच्या तोंडी द्यायचा. दादीला कळायचे, पण ती हसायची. अशा खेळाला आमची हरकत कशी असेल?

हरकत आहे ती त्याच्या जुळ्या भावाला. तोच पट, तेच चार रंग, तोच फासा; फक्त डावाला पाच-दहा रुपयांची 'एन्ट्री'. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीला लागला आणि असा पैशांचा लुडो खेळू लागला. वर्षभरात पगार महिन्याच्या पंधरा तारखेलाच संपू लागला, मग मित्रांकडून उसनवारी सुरू झाली. घरात त्याला कोणी टोकले नाही. अब्बा शेजारी बसून चहा पीत असत आणि हा डोळ्यांदेखत हरत असे. पडदा पाहून सगळ्यांना एवढेच वाटायचे, की लुडोच तर खेळतोय!

लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवणे बंद. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. विनापैशांच्या खेळांना कायदा अडवत नाही. आपल्यासाठी ही रेघ नवी नाही. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत दारू आणि जुगार एकाच ओळीत आले आहेत. आणि सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत जुगारात काही फायदा आहे हे नाकारलेले नाही. गुनाह त्याहून मोठा आहे, असे सांगितले आहे. पहिला डाव जिंकलेल्या पोराला समजवायला ही आयत फार उपयोगी पडते. कारण तो खोटे बोलत नसतो, पहिल्या दिवशी तो खरेच जिंकलेला असतो.

फाशाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'नर्द' या फाशांच्या खेळाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांची कडक शब्दांतील हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. त्यामुळे पैसे नसले तरी फासा नको, असे मानणारे उलेमा पुष्कळ आहेत. पैज नसेल तर सूट देणारेही आहेत. आम्ही मास्तर, मुफ्ती नव्हे. ज्यांच्या घरात फासा चालत नाही त्यांनी तो चालवू नये. शब्दकोडी आहेत, चित्रांचे तुकडे जुळवण्याचे खेळ आहेत, कॅरम आहे.

पण कॅरमही डोळे उघडे ठेवून! बोर्डावरच्या कॅरममध्ये पावडर आणि स्ट्रायकर एवढाच खर्च. टॅबवरच्या 'कॅरम पूल'मध्ये नाणी लावून डाव खेळायचा, जिंकल्यावर पेटी मिळते, आणि ती लवकर उघडायची तर रत्ने लागतात. रत्ने खऱ्या पैशांनी विकत मिळतात. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. कायद्याच्या भाषेत हा जुगार नसेल, कारण जिंकलेली नाणी बँकेत येत नाहीत. पण आत काय आहे ते न कळता पैसे टाकायची सवय मात्र लागते. चौथीतला मुलगा "आज पाच हजार हरलो" असे सहज बोलून जातो, तेव्हा ती नाणी खोटी असली तरी आमच्या काळजात धस्स होते.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची, की मारिओ सुरू. त्याला दोन रिमोट असत, म्हणजे दुसरे माणूस त्यात गृहीतच होते, आणि मागे पलंगावर बसून चुका काढणारे तिघे वेगळे. टॅब मात्र एकट्याच्या मांडीत मावतो. आजचे प्लेस्टेशन परवडणाऱ्या घरांना त्याच कारणासाठी आम्ही म्हणतो, की टीव्ही बैठकीतलाच वापरा. त्यात रोजच्या वेळेची मर्यादाही घालता येते.

वेळेची भांडणे घरोघरी आहेत. 'सबवे सर्फर्स'मधला पोरगा २०१२ पासून रुळांवर धावतो आहे, तो कुठेच पोहोचत नाही. त्या खेळाला शेवटच नाही. "एवढे संपवून ऊठ" हे वाक्य तिथे निकामी ठरते. लुडोचा डाव मात्र संपतो. म्हणून अर्धा तास असे न सांगता "मगरिबच्या आधी दोन डाव" असे सांगावे. कोणीतरी जिंकले, कोणीतरी हरले की मूल कमी कुरकुर करत उठते. आपल्या मलकापुरात चोवीस तास पाणी आले ते मीटरसकट आले, म्हणून लोक तोटी बंद करायला शिकले. डाव मोजणे हा तसाच मीटर.

टॅब हातात देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये खेळाच्या नावाखाली पाहावे. '३+' हा आकडा हिंसा, भाषा, दृश्ये यांच्यापुरता. खेळ किती वेळ खाईल, ते तो सांगत नाही. त्यापेक्षा जाहिराती आणि ॲपमधील खरेदी यांची बारीक अक्षरांतली सूचना वाचावी. एकाच टॅबवर चौघांनी खेळायचा लुडो नेटशिवाय चालतो. तेव्हा डेटा बंद करून द्यावा, अनोळखी भिडूही येत नाहीत आणि बहुतेक जाहिरातीही. खरेदीला दरवेळी पासवर्ड मागण्याची सोय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आहे, ती सुरू करावी. यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नये. आणि पासवर्ड म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवू नये. तो सगळ्यांत आधी तीच टाकून पाहतो.